दाबलेलं लाकूड

पॉलिशकाकूंच्या घरी पहिल्यांदा जाणारा माणूस दारातच थबकतो. आत आधीच बरीच मंडळी बसलेली आहेत असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात काकू एकट्याच असतात. पण सहा खुर्च्या सहा घरांतून आलेल्या, प्रत्येकीची पाठ वेगळी, उभं राहण्याची ऐट वेगळी, आणि सगळ्यांची तोंडं दाराकडे. भिंतीवर चार आरसे आहेत, चारही जुने आणि पारा उडालेले, त्यामुळे आपला चेहरा आपल्याला चार ठिकाणी अर्धामुर्धा भेटतो. जेवणाचं टेबल म्हणजे बंद पडलेल्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर ठेवलेली कुठल्याशा दुकानाची फळी. शाळेच्या बाकावर कुंड्या. कपाटाच्या दोन दारांना दोन वेगवेगळ्या मुठी, एक काचेची, एक पितळी. सगळं जुन्या बाजारातलं, आणि सगळं काकूंच्या हाताखालून गेलेलं.

काकूंची लेक दुसऱ्या गावी नव्या कोऱ्या फर्निचरच्या घरात राहते. ती वर्षातून दोनदा येते आणि दोन्ही वेळा नाक मुरडते.

"आई, हे घर आहे की वेटिंग रूम? कुणाची वाट बघतायत या खुर्च्या?"

"बसू दे गं. तुझ्याकडे खायला मागतात का?"

"मला इथे झोप येत नाही. रात्रभर कुठून तरी टक्, टक्."

"लाकूड आहे ते. हवा बदलली की बोलतं."

यावर लेक विषय बदलते. तिलाही माहीत आहे की टक् आवाजाचं या घरात काय नातं आहे, आणि मायलेकी दोघीही त्या विषयाला हात लावायला कचरतात.

त्यासाठी काकांची गोष्ट सांगायला हवी. काका म्हणजे काकूंचे यजमान. ते एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. दिवसभर तिथे चुका शोधून पोट भरत नसे, म्हणून उरलेले कागद घरी आणायचे. खिडकीशी त्यांची खुर्ची होती. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात दोघांनी मिळून जुन्या बाजारातून उचललेली, हात असलेली, रुंद. कुठल्या लाकडाची ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. लाकूड मऊ होतं एवढं खरं. काकांच्या पेन्सिलीला मागे पितळेचं टोपण होतं, आणि वाचता वाचता चूक सापडली की ते टोपण खुर्चीच्या उजव्या हातावर आपटायचे. टक्. मग पेन्सिल उलटी करून खूण करायची, आणि पुढे. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "किती झाल्या?" काका म्हणायचे, "अजून लेखकाचं नावच बरोबर आहे, बाकी सगळं चुकलंय." पुढे पुढे त्यांना सवयच जडली. काकूंनी बोलण्यात तारीख चुकवली, टक्. लेकीनं पाढा चुकवला, टक्. पाहुण्यानं थाप मारली तरी टक् व्हायचं आणि काकूंना हसू आवरायला आत पळावं लागायचं. तीस वर्षांत त्या हाताची पार चाळण झाली. वाटाण्याएवढे गोल गोल खड्डे, एकाला लागून एक.

काकू पहिल्यापासून पॉलिशच्या कामात. त्यांचे वडील एका फर्निचरच्या दुकानात पॉलिश करायचे, त्यांचा डबा पोचवायला जाता जाता या पोरीनं कापडाचा बोळा हातात घेतला तो घेतलाच. लाख कशी विरघळवायची, बोळा कसा फिरवायचा, कुठे थांबायचं, सगळं तिथेच शिकल्या. लोकांची खुर्च्या-टेबलं आरशासारखी करणाऱ्या या बाईच्या घरात नवऱ्याची खुर्ची मात्र तशीच भिकार. काका दर सहा महिन्यांनी आठवण करायचे.

"अगं, माझ्या खुर्चीला कधी हात लावणार?"

"करते, करते. गिऱ्हाइकाचं आधी होऊ दे."

एका दुपारी छापखान्यात काकांनी टेबलावर डोकं ठेवलं ते उचललंच नाही. डोक्याखाली जे पान होतं त्याच्या अर्ध्यापर्यंत खुणा होत्या. खालच्या अर्ध्यात एक चूक राहिली आणि ती तशीच छापली गेली. ते पुस्तक काकूंच्या कपाटात आहे. काकू ते उघडत नाहीत.

काका गेल्यावर पाचव्या आठवड्यात काकूंनी खुर्ची कामाला घेतली. दिलेला शब्द पाळायचा होता, आणि हातांना काही काम दिलं नसतं तर त्या वेड्या झाल्या असत्या. चार दिवस त्या जेवल्या किती, झोपल्या किती, कुणाला ठाऊक. जुनं पॉलिश उतरवलं, धारदार लोखंडी पत्तीनं खरवडलं, पॉलिश पेपर मारला, आधी जाडा, मग बारीक, मग अगदी मऊ. उजवा हात सगळ्यात खराब होता, म्हणून त्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली. मग लाखेचे हात, एकावर एक. चौथ्या दिवशी संध्याकाळी खुर्ची खिडकीशी ठेवली आणि त्या तिच्यात बसल्या. जन्मात इतकं सुंदर काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. त्यांनी उजवा तळवा खुर्चीच्या हातावर टेकवला.

सपाट. थंड आणि सपाट.

तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण काय करून बसलो. तोवर त्या रडल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी शेजारची माणसं धावत आली.

त्यानंतर अकरा वर्षं झाली. काकू त्या खुर्चीत पुन्हा बसल्या नाहीत. पण तेव्हापासून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. कोणतीही जुनी वस्तू कितीही नवी केली तरी तिच्यावरची एक जागा सोडायची. जिथे माणसाचा हात रोज पडत होता ती जागा. कपाटाच्या दाराशी बोटांनी झिजलेली कड, बाजेची माथ्याकडची पट्टी, ड्रॉवरच्या मुठीखालचा नखांचा ओरखडा. तेवढ्या जागेला पत्ती नाही, पॉलिश पेपर नाही. फक्त मेण चोळायचं. गिऱ्हाइकं विचारायची, "काकू, इथे राहिलं वाटतं?" काकू ठासून सांगायच्या, "राहिलं नाही, ठेवलंय." काही जण हसायचे, काही जण वस्तू न घेताच जायचे. काकूंनी नियम सोडला नाही. दुसऱ्याचं माणूस आपल्या हातून पुसलं जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि घर भरत गेलं. दिवेलागणीला, दिवसभर तापलेलं लाकूड गार व्हायला लागलं की टक् व्हायचं. कधी कपाटातून, कधी शाळेच्या बाकातून, कधी आरशाच्या चौकटीतून. काकू हातातलं काम थांबवून विचारायच्या, "काय चुकलं?" उत्तर यायचं नाही. त्या विचारायच्या मात्र रोज. सगळं घर टकटक करायचं. खिडकीतली खुर्ची तेवढी कधीच बोलली नाही, आणि त्या शांततेचा काकूंच्या छातीवर दगड होता.

जुन्या बाजारात काकूंचा एक ठरलेला विक्रेता आहे. प्रत्येक वाक्याला शपथ घेतो म्हणून त्याचं नाव शपथवाला. गेल्या हिवाळ्यात त्यानं काकूंना लांबूनच हाक मारली.

"काकू, टेबल आलंय. तुमच्यासाठीच झाकून ठेवलंय, शपथ."

"झाकून? अरे, त्याच्यावर तू पातेली विकतोयस."

"ते झाकलंच ना!"

टेबल सहा माणसांचं, जेवणाचं. वर तपकिरी ऑइलपेंटचे चार-पाच थर, एकावर एक थापलेले. पाय खालून कुजलेले. कुणी विकलं विचारलं तर शपथवाल्याला एवढंच माहीत होतं की एका म्हाताऱ्या बाईनं टेम्पोवाल्याला दारातूनच दिलं आणि किती मिळतील हेही विचारलं नाही.

काकूंनी रंग उतरवला तसं आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. पाय बदलले. मग एका टोकाला, जिथे घरातला कर्ता माणूस बसतो तिथे, बोटांना काही लागलं. त्यांनी टेबल उजेडाकडे फिरवलं. अर्धगोल खुणा होत्या, नखाच्या आकाराच्या पण मोठ्या, एकमेकींवर चढलेल्या. शंभरेक तरी असतील. पेल्याच्या बुडाची कड. काकूंचा जीव एकदम हलला. रोज कामावरून दमून येणारा कुणी बाबा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. येऊन इथे बसायचा, घटाघटा पाणी प्यायचा, आणि हुश्श करून पेला ठेवायचा. वर्षानुवर्षं. घरात आल्याची ती त्याची टक्.

तशीच एक खूण टेबलाच्या बाजूच्या कडेशी होती, एकटीच, खोल. तिचा काही मेळ लागेना. काकूंनी ती घासून सपाट केली. बाकीची सगळी जागा ठेवली आणि तिच्यावर इतकं मेण चोळलं की प्रत्येक खूण उजेडात चमकायला लागली.

दोन महिने टेबल काकूंकडे राहिलं. विकायची त्यांना घाई नव्हती. संध्याकाळी त्या स्वतःचा पेला त्या खुणांवर ठेवायच्या, आणि त्यांना सोबत वाटायची. हे त्यांनी लेकीलाही सांगितलं नाही.

मग एक तरुण बाई आली. नवं घर घेतलेली, नवरा कामानिमित्त बाहेरगावी, आणि अख्खं घर जुन्या वस्तूंनी सजवायचं वेड डोक्यात. काकूंना तिच्यात आपलं तरुणपण दिसलं. तिनं आरसा घेतला, दोन मुठी घेतल्या, आणि टेबलापाशी येऊन थांबली.

"काकू, हे काय आहे?"

काकूंनी त्या बाबाची गोष्ट सांगितली. अशी सांगितली की जणू शेजारीच राहत होता. तरुण बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी इथे आईंना बसवीन," ती म्हणाली. "माझ्या सासूबाई. खूप सोसलंय त्यांनी. ही मानाची जागा त्यांची."

टेबल गेलं. काकूंना दोन दिवस चुकल्यासारखं झालं, पण चांगल्या घरी पडलं म्हणून समाधानही होतं.

आठवड्यानं भर दुपारी एक म्हातारी बाई कामाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. बारीक, नीटनेटकी, हातात कापडी पिशवी. पत्ता लिहिलेला कागद तिनं दोनदा वाचून घडी घातली.

"टेबलं करता त्या तुम्हीच का?"

"हो. या ना, आजी. आत बसा."

उन्हातून आल्या होत्या म्हणून काकूंनी आत नेलं, पाणी दिलं. आजी पाणी प्यायल्या आणि त्यांनी पेला दोन्ही हातांनी खाली ठेवला. इतका अलगद की आवाजच झाला नाही. काकूंचं लक्ष हातांकडे जातंच, धंद्याची खोड. पेला टेकल्यावरसुद्धा आजींची बोटं त्याच्या बुडाशी क्षणभर तशीच राहिली होती.

"माझ्या सुनेनं तुमच्याकडून टेबल आणलं," आजी म्हणाल्या. "ते माझंच होतं. मी विकलं होतं."

काकू आनंदल्या. माणूस किती आंधळं असतं बघा, त्या चक्क आनंदल्या.

"काय सांगता! म्हणजे वस्तू घरी परत आली की! मग ती जागा बघितलीत ना? मी ठेवलीय. तुमच्या यजमानांची…"

"ती कशाला ठेवलीत?"

आजींचा आवाज चढला नव्हता. पण काकूंचं वाक्य तिथेच तुटलं.

"पेला ठेवल्यानं कधी खड्डा पडतो का हो?" आजी म्हणाल्या. "इतकं लाकूड बघता तुम्ही. ठेवल्यानं पडतो?"

काकूंनी ते मनात ताडून बघितलं. खरंच की. मेण चोळताना दोन महिने ज्या खुणांवरून त्यांनी बोट फिरवलं होतं त्या बोटभर खोल नसतील, पण ठेवलेल्या पेल्याच्या खासच नव्हत्या. त्या आपटलेल्या पेल्याच्या होत्या. सगळ्या.

"हात नाही उचलला त्यांनी कधी," आजी सांगत होत्या. "लोकांना वाटायचं, किती शांत माणूस. जेवायला बसले की पेला आपटायचे. एकदा आपटला म्हणजे काहीतरी चुकलंय. काय ते आपण ओळखायचं. मीठ, पोळीची कड, मुलाचं बसणं, माझा चेहरा. ओळखता नाही आलं की पुन्हा. माझ्या मुलाला जेवताना उचकी लागायची. सात वर्षांचा असल्यापासून. ते गेले आणि उचकी थांबली. मग मी टेबल विकलं."

"आणि माझ्याकडून ते परत…"

"सून म्हणाली, आई, डोळे मिटा. हाताला धरून बसवलं मला. म्हणाली, ही मानाची जागा तुमची. मी हात टेकवला." आजींनी तळवा पदराला पुसला. "तिचं काही चुकलं नाही. फार गुणाची पोर आहे. ते टेबल तिनं कधी बघितलं नव्हतं, आणि तिला मी हे कधी सांगितलंच नाही. मीच काहीतरी कारण काढते आणि ओट्याशी उभ्यानं जेवते. आज आठ दिवस झाले."

काकूंनी आजींचा हात धरला. "मी ते टेबल परत घेते. दुसरं देते. आजच्या आज."

"आणि तिला काय सांगू? जीव लावलाय तिनं. आणि लाकडानं काय केलंय? टेबल चांगलं आहे. त्या खुणा तेवढ्या काढा. शनिवारी मुलगा येतोय. रंग गेलाय, पाय बदललेत, त्याला ओळखू येणार नाही. पण हात लागला तर कळेल. मला कळलं तसं. तो आत्ता कुठे मोकळ्यानं जेवायला लागलाय हो."

काकू उठल्या. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. अकरा वर्षं ज्या गोष्टीसाठी त्यांनी गिऱ्हाइकं घालवली तीच गोष्ट ही बाई मागत होती, आणि तिचं बरोबर होतं, आणि तरी काकूंचा हात पत्तीकडे जाईना.

"आजी, मला पुसायला नका सांगू," त्या म्हणाल्या. "मी एकदा पुसलंय." आणि लेकीलाही जे सरळ सांगितलं नव्हतं ते त्यांनी या अनोळखी बाईला सांगून टाकलं. पितळेचं टोपण, करते करते, चार दिवस, सपाट हात.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीतल्या खुर्चीकडे गेल्या आणि तिच्या उजव्या हातावरून तळवा फिरवला.

"तुमचे पण आपटायचे," त्या म्हणाल्या. "चूक झाली की."

"हो. पण आम्ही हसायचो."

"हसायचात." आजींनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर हेवा होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "तुमचा माणूस पुसला गेला म्हणून माझा जपून ठेवणार का तुम्ही?"

काकू कामाच्या खोलीत गेल्या.

मग त्यांनी पिशवी भरली. स्पिरिटची बाटली, पत्ती, पॉलिश पेपर, सुती कापड, लाख, बोळा.

"इस्त्री आहे ना घरी?"

"इस्त्री? कपडे नाही करायचे हो."

"असू दे. चला तुम्ही."

सून कामावर गेली होती. घर प्रसन्न होतं, प्रत्येक वस्तू शोधून आणलेली, प्रेमानं मांडलेली. आणि मधोमध टेबल, मधासारखं, एका टोकाला चमकणाऱ्या खुणा. काकूंना आपल्याच कामाची शिसारी आली. त्यांनी तेवढ्या भागावरचं मेण स्पिरिटनं धुऊन काढलं. कापड भिजवून, पिळून त्या जागेवर पसरलं.

"कापलेलं लाकूड भरून येत नाही," त्या आजींना म्हणाल्या. "दाबलेलं येतं. आतला रेशा, लाकडाचा धागा, मेलेला नसतो, चेपलेला असतो. वाफ दिली की फुगतो."

इस्त्री टेकवली. चर्र झालं. आजी दोन पावलं मागे सरकल्या आणि भिंतीला टेकल्या. काकूंनी कापड उचललं, बघितलं, पुन्हा भिजवलं. पुन्हा चर्र. तिसऱ्या वेळेला आजी जवळ आल्या. पाचव्या वेळेला त्यांनी इस्त्री काकूंच्या हातातून काढून घेतली.

"द्या. किती वर्षं इस्त्री केलीय मी त्यांच्या शर्टांना."

एकेक खूण उथळ होत गेली, मग नुसती सावली उरली, मग तीही गेली. आजींच्या कपाळावर घाम होता आणि ओठ घट्ट मिटलेले होते. कापड मोठं होतं, बाजूच्या कडेपर्यंत ओलं पोचलं होतं. आजींनी ते उचललं आणि बोटांनी तपासायला लागल्या, तशा एकदम थांबल्या.

"हे काय वर आलंय?"

बाजूच्या कडेशी, जिथे काहीच नव्हतं तिथे, लाकडावर एक बारीक उंचवटा उभा होता. अर्धगोल. पेल्याच्या कडेसारखा.

"ही माझ्या पुढ्यातली," आजी हळूच म्हणाल्या. "मी इथे बसायचे. एकदाच आपटला होता इथे. बोटांच्या इतक्या जवळ." त्यांनी काकूंकडे बघितलं. "ही तर नव्हती मघाशी. कुठून आली?"

"मी घासली होती ती," काकू म्हणाल्या. "आजूबाजूचं लाकूड खाली आणून सपाट केलं होतं. वरून दिसेनाशी झाली. पण खाली रेशा दाबलेला होताच. पाणी मिळालं की तो…"

काकूंचं बोट त्या उंचवट्यावरच राहिलं.

"काय झालं?" आजींनी विचारलं.

"काही नाही. तो फुगून वर येतो." काकूंनी पत्ती घेतली. दोन्ही हातांनी घट्ट धरून ती एकटी खूण खरवडून काढली. या वेळेला खालचा रेशासुद्धा. मग सगळं वाळू दिलं, पेपर मारला, लाखेचे हात दिले. ऊन उतरायच्या आत काम झालं.

"सुनेला काय सांगाल?"

"खरं सांगेन. आज नाही, शनिवार होऊन जाऊ दे."

आजींनी स्वतःसाठी पाणी आणलं. मानाच्या जागेवर बसल्या. पाणी प्यायल्या आणि पेला टेबलावर ठेवला. जरासा वाजला. त्या स्वतःच दचकल्या, आणि मग त्यांना हसू फुटलं. त्यांनी पेला उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा वाजवला. काकू निघाल्या तेव्हा आजी तिथेच बसून होत्या.

काकूंना रस्ता कसा सरला ते कळलं नाही. भीती वाटत होती, ती लपवण्यात अर्थ नाही. चाळीसहून जास्त वर्षं पॉलिशचं काम केलेल्या बाईला जे ठाऊक होतं ते या एका खुर्चीच्या बाबतीत एकदाही सुचलं नव्हतं, कारण त्या खुर्चीला त्यांनी पुन्हा हातच लावला नव्हता. आणि आता वाटत होतं, लावावा की नाही? वर काही आलं नाही तर? तेव्हा पत्ती किती खोल गेली होती कुणास ठाऊक. न बघता निदान आशा तरी राहील.

घरात दिवेलागणीची टकटक सुरू झाली होती. कपाट, बाक, आरसा. काकूंनी कुणालाच काही विचारलं नाही. स्पिरिटनं खुर्चीच्या उजव्या हातावरची लाख उतरवली. अकरा वर्षांपूर्वीची, जन्मातली सगळ्यात सुंदर लाख बोळ्यावर उतरून आली. कापड भिजवलं, पिळलं, पसरलं. इस्त्री टेकवली.

पहिल्या वेळेला काही नाही. दुसऱ्या वेळेलाही नाही. तिसऱ्या वेळेला त्यांनी डोळे मिटून कापड उचललं आणि तळवा ठेवला. लाकूड गरम होतं. माणूस नुकतंच उठून गेल्यावर असतं तसं. आणि तळव्याला काहीतरी बारीक टोचलं.

त्यांनी डोळे उघडले. वाटाण्याएवढे गोल उंचवटे, एक इथे, दोन तिथे, मग पुढच्या कडेला, जिथे काकांचं मनगट टेकायचं तिथे, दाटीवाटीनं. जे खड्डे होते ते आता वर आले होते. सगळे नव्हते. कित्येक कायमचे गेले होते. पण होते. लेकीचे पाढे होते, पाहुण्यांच्या थापा होत्या, काकूंनी चुकवलेल्या तारखा होत्या.

सवयीनं त्यांचा हात पॉलिश पेपरकडे गेला. ओलं झाल्यावर लाकूड खरखरीत होतं, एक हात मारावाच लागतो, नाहीतर काम अर्धवट राहतं. पेपर उचलला, आणि त्याच क्षणी खुर्ची वाजली. टक्. वाफ आणि ओल लागली होती, लाकूड होतं, बोलणारच.

"कळलं," काकू म्हणाल्या, आणि पेपर खाली ठेवला. मग त्या अकरा वर्षांनी त्या खुर्चीत बसल्या, आणि अंधार पडला तरी दिवा लावायला उठल्या नाहीत.

लेक यंदा आली तेव्हा तिनं खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली आणि आईकडे पाठ फिरवली. मग नाक ओढून म्हणाली, "आई, लोकांची कामं चकाचक करतेस, आणि बाबांच्या खुर्चीचा एक हात असा बिनपॉलिशचा?"

"करते, करते," काकू म्हणाल्या. "गिऱ्हाइकाचं आधी होऊ दे."